अकरा पोवळी आणि ऐंशी पार

हरीभाऊ कर्णिकांनी एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत ‘माहीत नाही’ हे दोन शब्द एकदाही तोंडातून काढले नाहीत. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं असं नव्हे. वर्गात कुणी अडचणीचं विचारलंच, तर ते चष्मा कपाळावर चढवत, खिडकीबाहेर बघत आणि एखादा आकडा सांगून टाकत. आकडा ठाम आवाजात सांगितला की पुढचा प्रश्न येत नाही, हा त्यांचा अनुभव होता. त्यातूनही कुणी उठून उभं राहिलंच, तर ते म्हणत, ‘वही काढा.’ वह्या निघेपर्यंत घंटा व्हायची.

अशा माणसाच्या दिवाणखान्यात, अंजूर फाट्याजवळच्या सुखशांती अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर, दोन फुटी काचेच्या टाकीत एक लहानसा समुद्र नांदत होता. तो हरीभाऊंचा नव्हे, त्यांच्या लेकीचा, वल्लरीचा. समुद्रातल्या जिवांचं शिकायला ती रत्नागिरीला गेली तेव्हा आईला म्हणाली, तुळशीला पाणी घाल. बापाला म्हणाली, बाबा, माझी पोवळी सांभाळा.

पोवळी म्हणजे अंगठीतली नव्हेत. जिती. मूठभर दगडावर सदऱ्याच्या बटणाएवढी अकरा पोवळी होती, आणि प्रत्येकाच्या कडेनं पापणीसारखी झालर. मध्ये केशरी, भोवती पोपटी. सकाळी दहाला दिवा लागला की एकेक पापणी उघडायची आणि अंगणात सडा पडावा तसा दगड भरून जायचा. समुद्रातलं पोवळं ओरबाडून घरी आणणं गुन्हा आहे, ही मात्र टाकीतच जन्मलेली, हे हरीभाऊ येणाऱ्याला पाणी द्यायच्या आधी सांगत. पावती प्लास्टिकमध्ये घालून टाकीशेजारीच टांगली होती.

दोन वर्षं सारं सुरळीत चाललं. मग जुना दिवा म्हातारा झाला. तो लागायचा, पण मन नसल्यासारखा. पोवळ्यांचा पोपटी रंग उतरला, चहाच्या डागासारखा झाला, आणि मागच्या बाकावरच्या पोरांनी फळा दिसावा म्हणून टाचा उंचावाव्यात तशी ती अकराही जणं माना लांब करून वर बघू लागली. हरीभाऊ रविवारच्या व्हिडिओ कॉलला फोन जरा तिरका धरू लागले. पण ती त्यांचीच लेक होती. एका रविवारी म्हणालीच, “बाबा, माना काढल्यात त्यांनी. लाइट कमी पडतोय. पार किती आहे?”

पार म्हणजे काय, हे हरीभाऊंना ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. खिडकीबाहेर बघितलं. आकडा काही सुचेना, तेव्हा ते म्हणाले, “पुरेसा आहे.”

तीन आठवड्यांनी शेजारच्या पंढरीशेठच्या भाविकचं लग्न होतं आणि हळदीच्या आदल्या दिवशी मी येतेच आहे, असं सांगून तिनं फोन ठेवला. सुनीतीबाई आतून कणीक मळत म्हणाल्या, “अहो, तिलाच विचारा ना पार म्हणजे काय ते.”

हरीभाऊ टाकीकडे वळले. ज्या पोरीला आपण बेडकाचं हृदय तीन कप्प्यांचं असतं हे शिकवलं, तिला जाऊन आपण विचारायचं? पोवळी तीन आठवड्यांत हिरवी करून दाखवायची, तीही आपली आपण, असा त्यांनी निश्चय केला. लेक दारातून आत येईल, टाकीकडे बघेल आणि म्हणेल, बाबा, कमाल केलीत. बाकी काही नको होतं त्यांना.

पहिली पायरी सोपी होती. नवा दिवा त्यांनी फोनवरून मागवला. निळा, पांढरा, घड्याळ लावलेला, आणि पाकिटाच्या चित्रात तर समुद्रच्या समुद्र फुललेला. फोन म्हणाला, आपली वस्तू मानकोली येथील गोदामात आहे. हरीभाऊंना भरून आलं. मानकोलीच्या गोदामांची पत्र्याची छपरं त्यांच्या गच्चीवरून दिसतात. उद्या सकाळी येईल, ते म्हणाले. उद्या सकाळी फोन म्हणाला, आपली वस्तू नागपूरला पोचली. मग हैदराबाद. मग चार दिवस काही नाही, आणि मग पुन्हा मानकोली. दिवा देश बघून आला होता.

हे ऐकल्यावर पंढरीशेठ पेटले. पंढरीशेठ मूळचे राहनाळचे. सुखशांतीला लागून त्यांचा बंगला आणि मानकोलीला वडिलोपार्जित भातशेतीवर उभं राहिलेलं ते थोरलं गोदाम. घरचं लग्न तोंडावर होतं, तरी ते म्हणाले, “मास्तर, दिवा माझ्या गाल्यात हाय आनि तुमी फोनमदी बगत बसलाव? चला.”

गाडी काढली. मानकोलीच्या वळणावर एका कंटेनरच्या मागं पाऊण तास अडकले. तेवढ्या वेळात पंढरीशेठनी इथं आमची विहीर होती, तिथं आंबा होता, हे सगळं काचेतून दाखवलं. गोदामाच्या फाटकावर पहारेकऱ्यानं सलाम ठोकला आणि गेट पास मागितला. पंढरीशेठ म्हणाले, ही जमीन माझ्या आज्याची. पहारेकरी अदबीनं म्हणाला, “होगी शेठ. आज्याका पास है क्या?”

आतून मितेश नावाचा तरुण मॅनेजर आला. त्यानं पंढरीशेठच्या पायांना हात लावला, दोघांना सरबत पाजलं, पण आत सोडलं नाही. इथून कुणाला हातात वस्तू देता येत नाही, वस्तू आधी वाटपाच्या केंद्रावर जाते, मग घरी येते, असं त्यानं समजावलं. मग यंत्रावर बघून म्हणाला, तुमचा दिवा तर आत्ताच निघाला, तासाभरापूर्वी. कुठल्या गाडीतून, ते विचारल्यावर त्यानं नंबर सांगितला. मघाशी पाऊण तास ज्याची पाटी वाचत दोघं बसले होते, तोच तो कंटेनर.

परतताना पंढरीशेठ कशेळीपर्यंत त्याच्या मागावर जायला निघाले होते. हरीभाऊंनी आवरलं.

मधल्या काळात सोसायटीत सल्ले सुरू झाले होते. सेक्रेटरी म्हणाले, टाकी बाल्कनीत ठेवा, ऊन फुकट आहे. पहिल्या मजल्यावरून निरोप आला की पाणी बदला, कशेळीच्या खाडीत हवं तेवढं आहे. एकानं मात्र अकलेचं सांगितलं: भिवंडीत माग सुरू झाले की व्होल्टेज पडतं, दिवा म्हातारा झालेला नाही, त्याला पोटभर वीज मिळत नाही. हे हरीभाऊंना शास्त्रशुद्ध वाटलं. ते वीज कार्यालयात निघाले, आणि कार्यालयात ओळख लागते म्हणून पंढरीशेठही बरोबर निघाले. त्या वेळी ते एकटेच गेले असते, तर ही गोष्ट निम्म्यावर संपली असती.

खिडकीतल्या कारकुनानं काय काम ते विचारलं. हरीभाऊ प्रस्तावना मनात जुळवत होते, तोवर पंढरीशेठ पुढं होऊन म्हणाले, “आमच्या मास्तरांचे पोवल्यांना लाइट कमी परतेय. ती वारवाची हाय.”

राहनाळकडच्या बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘ड’-‘ढ’चा ‘र’. शिवाय खिडकीशी रांग, पंख्याची घरघर, रस्त्यावर टेम्पो. आणि मुख्य म्हणजे हे गाव भिवंडी. इथल्या कानाला ‘प’, ‘व’ आणि ‘ल’ एवढं ऐकू आलं की पुढचा शब्द तो आपणच पुरा करतो. कारकून मान न वर करता म्हणाला, “किती आहेत?”

“अकरा,” हरीभाऊ म्हणाले. आकडा विचारला की त्यांना बरं वाटे.

“कुठे बसवल्यात?”

“दिवाणखान्यात.”

कारकुनानं आता मात्र वर बघितलं. तुमचं घर केवढं आहे, ते त्यानं विचारलं. दोन खोल्या आणि दिवाणखाना, असं उत्तर मिळालं. आवाजाचा त्रास होत नाही का शेजाऱ्यांना? अजिबात नाही, हरीभाऊ अभिमानानं म्हणाले, अगदी निमूट असतात, सकाळी दहाला उघडतात आणि संध्याकाळी मिटतात. एकच शिफ्ट, असं पुटपुटत कारकुनानं अर्ज भरून घेतला आणि तपासणीला माणूस येईल म्हणाला. घरी येऊन चष्मा लावल्यावर हरीभाऊंनी पोच वाचली. तिच्यावर लिहिलं होतं: ‘निवासी जागेत पावरलूम, नग ११. वाढीव भाराची मागणी.’

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला गेले, तर झालेल्या अर्जातली दुरुस्ती तपासणीनंतरच होते, असं कळलं.

हळदीला आठ दिवस उरले. पोवळ्यांच्या माना आणखी लांबल्या. हरीभाऊ मांडवाचे खांब उभे राहताना बघत बंगल्याच्या अंगणात बसले होते. तिथं पंढरीशेठपाशी त्यांचं मन पहिल्यांदा उघडलं. दिव्याचं जाऊ द्या, ते म्हणाले, खरं दुखणं वेगळंच आहे. वल्लरी म्हणते पार कमी पडतोय.

पंढरीशेठ त्यांच्याकडे बघतच राहिले. मग हसून त्यांनी खांद्यावर हात टाकला. “पार? मास्तर, आदी बोलाचं ना. आपल्या मांडवान चोवीस पार येतायत.”

मांडवाचे दिवे लावणारा मनोज तिथंच तारा ओढत होता. त्यानं पेटी उघडून एक काळा डबा काढला. ढोलकीएवढा, तोंडावर भिंगंच भिंगं. हळदीच्या स्टेजवर नवऱ्या मुलाला निळा, जांभळा, गुलाबी करतात ना, तो हा दिवा. याला धंद्यात पारच म्हणतात, मनोज म्हणाला. हरीभाऊंनी चष्मा लावला. डब्याच्या पाठीवर ठसठशीत इंग्रजी अक्षरं होती: पी, ए, आर. छापील शब्दावर त्यांची एकतीस वर्षांची श्रद्धा होती. त्यांना वाटलं, इतके दिवस उगाच झुरलो.

मनोजनं दोन पार टाकीवर आडव्या पाइपला बांधून दिले. दिवाणखान्यात निळा उजेड भरला. सुनीतीबाईंच्या हातातलं पोहे-खोबऱ्याचं ताट निळं झालं. आणि रविवारी फोन आला तेव्हा हरीभाऊंनी तो तिरका धरला नाही. ताठ बसले.

“बाबा, पार किती आहे?”

“दोन,” हरीभाऊ म्हणाले.

“दोन?”

“दोन. लागला तर तिसराही मिळेल.”

“अहो बाबा, दोन म्हणजे काळोख. निदान ऐंशी तरी पाहिजेत.”

फोन ठेवल्यावर हरीभाऊ किती तरी वेळ टाकीपाशी उभे होते. ऐंशी. अकरा बटणांना ऐंशी. समुद्राचं दैवच मोठं, त्यांनी स्वतःची समजूत घातली. वर अख्खा सूर्य असतो त्याच्या. मग जिना उतरून ते बंगल्यावर गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, पंढरीशेठ, ऐंशी लागतील.

पंढरीशेठच्या हातातला सुपारीचा खल थांबला. यवरे पार आमच्या भागान कुनाचे हलदीला लागले न्हायत, ते म्हणाले. पण शेजारधर्माचा प्रश्न होता आणि मास्तरांनी भाविकला दहावीला पास केलं होतं. त्यांनी मनोजला बोलावलं. मनोजनं हिशेब केला: मांडवाला अठरात भागवतो, सहा मास्तरांना. सुखशांतीच्या वायरीत यापेक्षा जास्त बसणारही नाहीत.

गुरुवारी सहा पार पूर्ण ताकदीनं लागले. काय वर्णावा तो उजेड. समोरच्या इमारतीच्या भिंतीवर सुनीतीबाईंची सावली भाकरी थापताना दिसू लागली. रिक्षावाले हळदीचा पत्ता विचारत दुसऱ्या मजल्यावर येऊ लागले. दोन पाहुणे तर अहेर ठेवून गेले. टाकीतले दोन मासे दगडामागं जाऊन बसले. आणि शुक्रवारी सकाळी हरीभाऊंनी बघितलं, तर अकराही पोवळी मिटली होती. मिटली म्हणजे मूठ आवळून, मान पोटात घालून. मारकुट्या मास्तरच्या वर्गात पोरं बसतात तशी. हरीभाऊंनी हाक मारली. पोवळ्याला हाक मारतात का, हे जीवशास्त्रात नाही, त्यांनी मारली.

नेमका तेव्हाच वीज कार्यालयाचा माणूस आला. दारातच त्यानं डोळ्यांवर हात धरला. मग शिस्तीत सगळं घर फिरला, मोरी बघितली, पलंगाखाली वाकला, आणि म्हणाला, लूम कुठे आहेत?

हरीभाऊंच्या अंगात समजावून सांगायचं त्राण नव्हतं. त्यांनी दगडाकडे बोट केलं. “हे अकरा.”

तो माणूस काचेला नाक लावून पुष्कळ वेळ बघत राहिला. “बंद आहेत.”

“आजच बंद झाली,” हरीभाऊ म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला.

तो मनानं चांगला होता. त्यानं मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला आणि कागदावर लिहिलं: ‘समक्ष पाहणी केली. अकराही लूम बंद आढळल्या. मालक दुःखी.’ भार वाढवायची गरज नाही, एवढं लिहून, चहा घेऊन तो गेला.

शनिवारी दुपारी वल्लरी आली. हरीभाऊंनी मनात तीन उत्तरं तयार केली होती: व्होल्टेज, पाणी, आणि भिवंडीची हवा. लेकीनं पिशवी खाली ठेवली, वरच्या सहा दिव्यांकडे बघितलं, टाकीकडे बघितलं. ती बोलली असती तर हरीभाऊंनी आकडा सांगितला असता. ती गप्प राहिली, काचेवर बोट टेकून, लहानपणी ताप आल्यावर जशी बघायची तशी. हरीभाऊंनी चष्मा कपाळावर नेला. पुन्हा खाली आणला.

“वल्लरी,” ते म्हणाले, “पार म्हणजे काय, ते मला माहीत नाही.”

स्वयंपाकघरात लाटणं थांबलं. सुनीतीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं होतं.

वल्लरी हसली नाही, निदान तेव्हा तरी नाही. तिनं सांगितलं, पार म्हणजे दिवा नव्हे, पार म्हणजे माप. उजेडातला किती उजेड पोवळ्याच्या पोटात जातो, त्याचं माप. तिनं कॉलेजातून मोजायचं यंत्र मागून आणलं होतं. सहा पारांखाली धरलं, तर आकडा हजाराच्या घरात गेला. त्यांना पापणी मिटण्यावाचून इलाजच नव्हता, ती म्हणाली, पण मेलेली नाहीत, घाबरलीयत. मनोजला वर बोलावलं. पाच पार उतरवले. उरलेला एक छताजवळ नेला, लाल आणि हिरवा बंद करून नुसता निळा ठेवला, तोही मंद. वल्लरी यंत्र हलवत होती, मनोज बटण फिरवत होता, आणि पंढरीशेठ खुर्चीत बसून लिलावासारखे आकडे ऐकत होते. तीनशे. दीडशे. पंच्याऐंशी.

“बस,” वल्लरी म्हणाली.

“म्हंजी मांडवाचाच दिवा चालला,” पंढरीशेठ म्हणाले. हे पुढं त्यांनी सगळ्या वऱ्हाडाला सांगितलं.

रविवारी हळद झाली. तेवीस पारांखाली भाविक निळा-पिवळा झाला. हरीभाऊ जेवायला बसले आणि दोनदा उठून वर जाऊन आले. मुठी आवळलेल्याच होत्या.

सोमवारी सकाळी वऱ्हाड निघायच्या आधी पंढरीशेठच्या आई, आक्का, जिना चढून वर आल्या. आक्का धवलारीण, लग्नाचे धवले गाणाऱ्या, पंचक्रोशीतलं लग्न त्यांच्या गळ्याशिवाय लागत नाही. घराला हळद लागते तशी या घरच्या पाव्हन्यांनाही लागली पाहिजे, असं म्हणून त्यांनी वाटीतलं बोट टाकीच्या काचेवर बाहेरून टेकवलं. दहा वाजले. निळा दिवा मंद लागला. आक्कांनी मोतीबिंदू काढलेले डोळे बारीक केले आणि आपसूकच सूर लावला:

“दर्याचा गो पाव्हना, काचंचे घरान आला
निल्या मांडवाखाली, त्यानी डोला उघरिला
बारा गो वऱ्हाडी, दगरावं बैसली
लेक आली माहेरा, बापाची कली हासली”

तिसऱ्या ओळीला कडेचं एक पोवळं हललं. झालरीची एक पापणी बाहेर आली, मग दुसरी. मग शेजारचं. दगडावर सडा पडू लागला, चहाच्या डागाच्या रंगाचाच अजून, पण पडू लागला.

हरीभाऊंनी डोळे पुसले आणि त्यांच्यातला मास्तर जागा झाला. “अकरा, आक्का,” ते म्हणाले. “बारा नव्हे.”

“बारा हायेत,” आक्का म्हणाल्या. “मोज तू.”

वल्लरी वाकली. अकराव्याच्या बुडाशी, दगडाच्या सापटीत, मोहरीच्या दाण्याएवढं एक पोवळं होतं. दोन वर्षं रोज मोजणाऱ्या हरीभाऊंना ते दिसलं नव्हतं.

मनोजनं तो दिवा परत नेला नाही. फोनवरून मागवलेला अजून फिरतो आहे. परवा तो मानकोलीला येऊन गेला. वल्लरी रत्नागिरीला परतली, जाताना यंत्र बापाजवळ ठेवून. पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा हरीभाऊ टाकीसमोर सरळ बसले होते.

“पार किती, बाबा?”

“पंच्याऐंशी. दुपारी मोजला.”

“आणि रंग?”

“दोघांच्या कडा पोपटी झाल्यात.” मग हरीभाऊ घुटमळले. त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं, आवाज खाली आणला. “वल्लरी, गेल्या वर्षी तू एकदा विचारलं होतंस, पाण्याचा डीकेएच किती आहे. मी आठ सांगितलं होतं.”

“हो. अगदी बरोबर होता तो.”

“ते काय असतं गं?”

पलीकडे हसू फुटलं. मग लेक म्हणाली, “बाबा, वही काढा.”

हरीभाऊंनी वही काढली.